इतिवृत्त

सुनावणी अकराला होती, सुरू झाली पावणेबाराला.
शाळेच्या पटांगणात निळा मांडव,
भाड्याच्या खुर्च्या,
आणि कोपऱ्यात मी, सरकारी कारकून,
कागदावर तीन रकाने आखून बसलेला :
नाव. म्हणणे. शेरा.

कंपनीचा माणूस पडद्यावर नदी दाखवत होता.
फिकट निळी, उगमापासून मुखापर्यंत एकाच जाडीची.
भरती नसलेली.
खाजनांवर तिरक्या रेघा, खाली बारीक अक्षरात :
दलदल, पडीक.
अमोनिया, तो म्हणाला, म्हणजे शेवटी खतच.
भाताचंच अन्न.

पिएदाद उठली. माइक उलटा धरलेला, कुणीतरी सुलटा केला.
बर्फाच्या कारखान्यात नळी फुटली त्या दिवशी
मी धक्क्यावर बांगडे मोजत होते, म्हणाली.
त्रेचाळीसपर्यंत आले होते.
चव्वेचाळिसावा कुठे गेला,
हे गिऱ्हाईक मला अजून विचारतं.
लोक हसले. तीही हसली,
मग बराच वेळ डावा डोळा पुसत राहिली.
मी लिहिलं : वासाबाबत तक्रार.

नंतर सगुण जल्मी, मानशीचा राखणदार.
पायाला पोटरीपर्यंत वाळलेला चिखल,
शाळेच्या पायरीवर त्याने चपला काढलेल्या.
हरकत की सूचना? साहेबांनी विचारलं.
आज तृतीया, तो म्हणाला.
तिनाची पाऊणपट सव्वादोन.
सव्वादोनला पाणी भरेल आणि वळेल.
त्याच्या आधी मला गेलं पाहिजे.

मुद्द्यावर या.

तो मुद्द्यावरच होता, असं मला आता वाटतं.
म्हणाला, दार मी लावत नाही,
भरती स्वतःच्या छातीने लावते.
मी नुसता कान देऊन बसतो.
फळीला खेकड्याने भोक पाडलं तर आवाज बदलतो.
कोरगुटाला थोडं मीठ चालतं.
किती थोडं, ते बोट बुडवून, जिभेवर ठेवून.
तुमच्या नळातून येईल ते
कुणाच्या जिभेवर ठेवायचं?

मग मगरीचं निघालं.
पान एकशे बारा : मगर, आढळ नाही.
ते लोक वैशाखात आले होते, सगुण म्हणाला,
भर दुपारी, जीप घेऊन.
पौषातल्या अवसेला आम्ही चिखलाचा मानगो करतो,
पाठीवर शिंपल्या टोचतो, पुढे कोंबडीचं पिल्लू ठेवतो,
आणि वर्षभर बांधावर चालायची परवानगी मागतो.
तो देतो.
लेखी देत नाही.

मागच्या रांगेत टाळ्या. साहेबांनी हात वर केला.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं :
विषयाशी संबंधित नाही.
खोडलं.
खोडलेल्याच्या वर पुन्हा तेच लिहिलं,
कारण साहेब बघत होते.

दोनला दहा कमी असताना तो चपला हातात घेऊन निघून गेला.
पुढे रोजगाराची आकडेवारी झाली.
चहा आला. पेल्यांची चळत वाऱ्याने कलंडली.
आणि शाळेच्या मागून, तिवरांपलीकडून,
लाकूड दगडावरून सुटावं तसा
एक जड, ओला आवाज.
कुणी मान वळवली नाही. गावाला तो नवा नव्हता.
मी घड्याळ पाहिलं, समासात टिपलं : २.१७.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोट ठेवलं. हे काय?
पाण्याची वेळ, सर.
काढा.
काढली.

फाईल पणजीला गेली. सही झाली असेल,
किंवा व्हायची असेल,
ती माझ्या टेबलावरून परत जात नाही.
मला फक्त एक सवय लागून राहिली आहे.
कॅलेंडरसमोर उभा राहिलो की तारीख दिसत नाही,
खालची बारीक तिथी दिसते.
आज एकादशी.
अकराची पाऊणपट सव्वाआठ.
ऑफिस उघडायच्या सव्वा तास आधी.